दोन चाकांमधला दांडा

मी गाडीच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला आडवा बसवलेला पोलादी दांडा बोलतोय. नाही, तो नाही, तो सायलेन्सर. तो आधीच भलता बडबड्या आहे, त्याच्या नादी लागू नका. आणखी थोडं वाका. मागच्या डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत गेलेला, दोन्ही टोकांना वळलेला, चिखलाने माखलेला... हां, तोच मी.

पुस्तकात मला अँटी-रोल बार म्हणतात. गॅरेजात नुसतं 'रॉड' म्हणतात. घरात काहीच म्हणत नाहीत, कारण मी येईपर्यंत आपल्या गाडीखाली अशी काही जागा आहे, हेच घरातल्या माणसांना ठाऊक नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी सरळ सळई होतो. मला तापवून लाल केलं, साच्यात दाबून दोन्हीकडे वाकवलं, तेलात बुडवलं आणि प्रत्येक टोकाला तीन-तीन भोकं पाडली. मग काळा रंग दिला, कागदात गुंडाळलं आणि एका दुकानाच्या फळीवर ठेवून दिलं. शेजारी एक हॉर्न होता. आपल्याशिवाय गाडी चालतच नाही, असा त्याचा ठाम समज. तो लवकर विकला गेला. मी मात्र पडून राहिलो. दांड्याला कोण विचारतो?

माझं काम आधी सांगतो, नाहीतर पुढची भांडणं तुम्हाला कळायची नाहीत. गाडी वळली की तिचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं. बस वळताना तुम्ही नाही का शेजारच्याच्या अंगावर जात, तसंच. बाहेरचं चाक दबतं, आतलं सुटतं, आणि मी मधल्यामधे पिळला जातो. पिळलं जाणं मला अजिबात आवडत नाही. म्हणून मी दोघांनाही ओढून धरतो. 'तू एवढं दबू नकोस, आणि तू एवढं सुटू नकोस.' त्यामुळे गाडी कमी कलते.

पण यात एक गोम आहे. मी जेवढा ताठ, तेवढा मागच्या बाहेरच्या टायरवर भार जास्त. मागची चाकं मग रस्ता लवकर सोडतात आणि गाडीची शेपटी बाहेर पळते. मी ढिला असलो तर उलट. पुढची चाकं आधी दमतात आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर चालायला लागते. म्हणून ती भोकं. टोकाच्या भोकात लिंक, म्हणजे मला चाकाशी जोडणारी छोटी दांडी, अडकवली की मी मऊ, आतल्या भोकात अडकवली की कडक. मधलं भोक म्हणजे मधलं.

मला ज्याने दुकानातून आणलं तो भुंगा. हे काही त्याचं खरं नाव नाही. लहानपणी तोंडाने गाडीचा आवाज काढत तो घरभर फिरायचा, म्हणून आईने ठेवलेलं. आता त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, डोक्यावरचे केस मागे सरकलेत, पण नाव तेच आणि आवाजही तोच. फक्त आता तो अंघोळ करताना काढतो. हे सगळं आई गाडीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, म्हणून मला माहीत.

गाडी त्याच्या वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली, आणि ती भुंगा आणि त्याची मोठी बहीण यांच्यात सामाईक झाली. बहिणीला सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो. ताई केक करते. घराच्या मागच्या खोलीत तिचे ओव्हन. आठवडाभर गाडी तिच्याकडे. मागची सीट पाडून तिथे तिने रबरी चटई अंथरलेली, आणि त्यावर वाढदिवसांचे, बारशांचे, निरोप समारंभांचे केक गावभर जात. रविवारी गाडी भुंग्याची. गावाबाहेर एक जुनी धावपट्टी आहे. तिथे आता विमानं उतरत नाहीत. हौशी मंडळी प्लास्टिकचे शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून गाड्या पळवतात. ज्याचा वेळ कमी, तो जिंकला.

भुंगा कधीच जिंकला नव्हता. म्हणून त्याने माझ्या आधी पुढच्या चाकांना कडक स्प्रिंगा घालून घेतल्या. शर्यतीच्या गाड्या कडक असतात, एवढंच त्याने कुठेतरी ऐकलेलं. पुढच्या स्प्रिंगांनी मला नंतर सांगितलं, पहिल्याच वळणावर त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी काहीच न ऐकल्यासारखी सरळ गेली. समोर जुन्या टायरांचा ढीग होता आणि त्यावर वेळ मोजणारे गृहस्थ सँडविच खात बसलेले. ते वाचले. सँडविच गेलं.

गॅरेजचे मिस्त्री म्हणाले, "अहो, पुढे एवढं कडक केलंत आणि मागे सगळं मऊ. पुढचे टायर बिचारे एकटे मरतात. मागेही जरा आवळा."

अशा रीतीने मी या घरात आलो.

भुंग्याने मला थेट सगळ्यात कडक भोकात अडकवलं. मधलं वगैरे त्याच्या स्वभावात नाही. रविवारी पहिल्याच वळणावर त्याने गाडी घातली, नाक झटकन आत वळलं, त्याला आनंद झाला, आनंदात त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, भार पुढे गेला, मागची चाकं हलकी झाली, आणि मी हा असा ताठ! शेपटी जी सुटली ती सुटलीच. गाडी गोल फिरून प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली. एका माणसाने टाळ्या वाजवल्या.

"वळतेय!" भुंगा खिडकीतून ओरडला. "मिस्त्री, वळतेय!"

"वळतेय खरी," मिस्त्री म्हणाले. "वळायची थांबत नाहीये."

खरी गंमत सोमवारी झाली. गंमत म्हणजे तुम्हाला, ताईला नाही. भुंग्याने मला तसंच कडक ठेवून गाडी परत केली होती. ताईने चटईवर निवृत्त होणाऱ्या एका मुख्याध्यापिका बाईंचा केक ठेवला. दोन मजली, वर साखरेची इवलीशी खुर्ची. रस्त्याची डावी कड खणलेली होती. डावं चाक खड्ड्यात गेलं की मी उजव्यालाही ओढायचो, कारण कडक दांड्याला दुसरं काही जमत नाही. एकाच्या दुःखात दोघांना रडवायचं. मागचं सगळं अंग डावीकडे-उजवीकडे हिंदकळत होतं. मग वळण आलं, समोर सायकलवाला आला, ताईने घाबरून पाय काढला, आणि शेपटी निघाली फिरायला. सायकलवाला वाचला. केक खिडकीला चिकटला.

संध्याकाळी दारातच जुंपली.

"काय केलंस तू गाडीला?"

"सुधारली."

"सुधारली? भुंग्या, माझा केक काचेला चिकटला होता! मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, आणि शिक्षकांनी काचेवरून खरवडून खाल्ला! उलथन्याने!"

"तू वळणात पाय काढलास का?"

"काय?"

"अ‍ॅक्सिलरेटरवरचा. वळणात एकदम पाय काढला की मागची बाजू हलकी होते आणि..."

"समोर माणूस होता! त्याला काय उडवू?"

"तसं नाही गं. पण तुला ना, गाडी चालवता..."

वाक्य त्याने गिळलं, पण उशिरा. ताईने दार लावलं आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मग माझे हाल सुरू झाले. सोमवारी ताई गॅरेजात येऊन म्हणायची, "मिस्त्री, ते काय आहे ते काढून फेका." मिस्त्रींना माल फेकायचं जिवावर यायचं. ते मला टोकाच्या मऊ भोकात अडकवायचे. ताईचा केक आता हिंदकळत नसे, पण वळणावर गाडी एवढी कलायची की क्रीम एका बाजूला झुकायचं. रविवारी भुंगा जॅक लावायचा, पाना घ्यायचा आणि दात-ओठ खात मला परत आतल्या भोकात न्यायचा. ताई सोमवारी बाहेर, भुंगा रविवारी आत. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती, पण माझ्यातून अगदी मनसोक्त भांडत होती.

आईला पोहण्याच्या तलावावर सोडायला मात्र दोघांनाही यावं लागे. आईचे गुडघे दुखायचे, डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं, आणि दोघांपैकी एकट्याच्या भरवशावर ती निघत नसे. चालवायचा भुंगा. त्याच्या शेजारी ताई, मागे चटईवर उशी टाकून आई.

"आई, त्याला सांग, वळणावर जरा हळू."

"आई, तिला सांग, यापेक्षा हळू गेलो तर गाडी मागे जाईल."

"आई, त्याला सांग, विनोद फुटकळ होता."

"मी काय टेलिफोन आहे?" आई म्हणायची. "आणि दोघांनाही सांगते, मागे माझं कंबरडं मोडतंय."

असे बरेच आठवडे गेले. एका संध्याकाळी आम्ही तलावावरून परत येत होतो. आईचे केस ओले होते. मांडीवरच्या टॉवेलची ती घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. सिग्नल लागला. गाडी थांबली. तेव्हा ती म्हणाली, "मी लग्न करतेय."

सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"भुंग्या," ताई म्हणाली, "तू ऐकलंस का रे?"

"ऐकलं गं, ताई."

"झालं एकदाचं," मागून आई म्हणाली. "तुम्ही बोलावं म्हणून मला लग्न करावं लागतंय."

"पण कुणाशी?"

"मास्तरांशी. पोहायला शिकवतात ते."

"ते शिट्टीवाले?"

"शिट्टी फक्त तलावावर वाजवतात. एरवी फार शांत आहेत. आता गाडी चालव, लोक शिव्या देतायत."

गाडी पुढच्या चौकापर्यंत आली. मग भुंग्याने हळूच विचारलं, "आई, आणि बाबा?"

"त्यांना काय वाटेल म्हणतोस? बरेच दिवस विचार केला त्याचा." आई खिडकीबाहेर बघत होती. "म्हणूनच सांगते. टेकडीवरच्या हॉलमध्ये सह्या करायच्या आणि केक कापायचा. केक ताईने करायचा. आणि तो याच गाडीतून यायला हवा, त्यांच्या. तुम्ही दोघांनी मिळून आणायचा. एकाने आणला तर मी कापणार नाही."

ताईने डोळे पुसले. भुंग्याने नाक ओढलं. मग दोघांच्याही मनात एकदमच आलं असणार, कारण दोघं एकदमच म्हणाली, "टेकडीवर?"

टेकडीचा रस्ता म्हणजे सगळी वळणंच. एक संपत नाही तोवर दुसरं.

दोन दिवसांनी मंडळी मला घेऊन धावपट्टीवर गेली. मिस्त्रीही होते. ताईने डिकीतून एक मोठं पसरट भांडं काढलं, चटईवर ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं आणि शेजारी मांडी घालून बसली.

"हे काय?"

"केक समज. चालव."

मी कडक भोकात होतो. भुंग्याने पहिलं वळण घेतलं.

"उसळलं!" मागून ताई ओरडली.

"कुठे?"

"माझ्या मांडीवर!"

"किती?"

"भुंग्या, मी भिजलेय. एवढं!"

मग मला मऊ केलं. पाणी उसळलं नाही, पण एका कडेला चढून बराच वेळ तिथेच बसलं, आणि गाडी शंकू सोडून बाहेर बाहेर जायला लागली. भुंग्याने स्टिअरिंग आणखी वळवलं. गाडीने ऐकलं नाही.

दोघं खाली उतरून बॉनेटवर कोपरं टेकून उभी राहिली. भुंगा म्हणाला, "मी पुढचं कडक केलं, मग ते सावरायला मागचं कडक केलं. सगळंच दगड झालं. पुढच्या जुन्या स्प्रिंगा आहेत अजून?"

"आहेत," मिस्त्री म्हणाले. "मी काही फेकत नाही."

गॅरेजात पुढच्या जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. मागचे शॉकअब्सॉर्बर थोडे ढिले झाले. आणि मला, आयुष्यात पहिल्यांदाच, मधल्या भोकात अडकवलं. तुम्हाला सांगतो, घट्ट चप्पल काढून पाय जमिनीवर टेकवावा तसं वाटलं. पुढची चाकं ओढत होती, मागची त्यांच्या मागून येत होती, कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

तरी पुन्हा धावपट्टीवर आल्यावर पाणी थोडं उसळतच होतं. ताई म्हणाली, "आता मी चालवते. तू बस मागे."

भुंगा भांड्याशेजारी बसला. ताईने गाडी काढली, शंकूंकडे नेली, वळवली, पुन्हा वळवली. भुंगा पाण्याकडे बघत होता. पाणी एका बाजूला जायचं, थांबायचं आणि सावकाश परत यायचं, झोपेत कूस बदलल्यासारखं. वेगही काही कमी नव्हता. स्टिअरिंग ती कधी फिरवायला लागली आणि कधी थांबली, मला खाली कळतसुद्धा नव्हतं.

"ताई, हे तू कुठे शिकलीस?"

"शिकायचंय काय त्यात? मागे केक असतो रे रोज."

भुंग्याने हाताने भांड्याचा काठ पुसला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी अर्धंच बोललो होतो. तुला गाडी चालवता येते. माझ्यापेक्षा चांगली."

"ऐकू नाही आलं."

"आलंय तुला."

ताईने मुद्दाम स्टिअरिंगला एक झटका दिला, आणि ते सगळं पाणी भुंग्याच्या अंगावर गेलं. मिस्त्री लांब उभे राहून पोट धरून हसत होते.

लग्नाच्या दिवशी ताईने तीन मजली केक ठेवला. पांढरं क्रीम, वर निळ्या जेलीचा छोटा तलाव, आणि मास्तरांच्या हट्टामुळे साखरेची एक शिट्टी. चालवायला ताई. मागे गुडघ्यांवर भुंगा, नवा सदरा घालून, केकच्या पाटाला दोन्ही हातांनी मिठी मारलेला.

टेकडी सुरू झाली. डावीकडे वळण, उजवीकडे वळण. मी इकडे पिळायचो, तिकडे पिळायचो, सगळं झकास चाललेलं. अर्ध्यावर आमच्या पुढे एक पाण्याचा टँकर आला. त्याची तोटी गळत होती. आम्ही वळणात शिरलो आणि बघतो तर सगळा रस्ता ओला, वर बांधकामाची बारीक खडी सांडलेली, आणि टँकरने ब्रेक मारला.

"ताई, पाय काढू नको!" भुंगा किंचाळला.

"माहितीये!"

मागची चाकं सरकली. मला ते सगळ्यात आधी कळतं. बाहेरचं चाक दबत दबत पार टोकाला गेलं, आतलं उचलायला आलं, आणि मी एवढा पिळलो की माझा रंग तडकल्याचं मला ऐकू आलं. कडक भोकात असतो तर आम्ही आलेल्या वाटेकडे तोंड करून उभे राहिलो असतो. मऊ असतो तर टँकरखाली. ताईने पाय तेवढाच ठेवला, स्टिअरिंग केसाएवढं सैल सोडलं, आणि वाट बघितली. शेपटी थोडी बाहेर गेली, घुटमळली, आणि गुमान परत आली. ताईने टँकरच्या कडेने गाडी अलगद काढली.

"केक?" ताईने विचारलं.

आरशात तिला नुसतं पांढरं क्रीम दिसत होतं.

"भुंग्या! केक?"

"आहे," भुंगा दबक्या आवाजात म्हणाला. "पण मी हलू शकत नाही."

वरचा मजला सरकला होता. दोन्ही हात पाटाला गुंतलेले, म्हणून भुंग्याने त्याला डोकं लावलं होतं. उरलेली टेकडी तो तसाच आला, गाल केकला टेकवून, लग्नाच्या केकशी गुपित बोलत असल्यासारखा.

हॉलच्या अंगणात आई आणि मास्तर वाट बघत होते. ताईने मागचं दार उघडलं. भुंग्याने हळूच डोकं बाजूला केलं. क्रीममध्ये त्याचा कान उमटला होता. अगदी पाळीसकट.

"थांब आई, मी दुरुस्त करते," ताई घाईघाईने म्हणाली. "वर एक फूल लावलं की..."

आई वाकून बघत होती. "हा कान मी लहानपणी पिळलाय," ती म्हणाली. "राहू दे. इथूनच कापू."

मास्तरांनी खिशातून शिट्टी काढून वाजवली. आईने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ती परत खिशात ठेवली. मग सगळे केक घेऊन आत निघाले. आई दोन पावलं मागे राहिली. तिने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आतून ताईने हाक मारली आणि ती गेली.

याला आता बराच काळ लोटला. भुंगा धावपट्टीवर अजूनही जिंकत नाही. एका रविवारी ताईने गंमत म्हणून शंकूंतून गाडी काढली आणि त्याच्यापेक्षा लवकर आली, तेव्हापासून तो लोकांना सांगतो की ही शर्यत मुळात हौसेची आहे. आई आणि मास्तर वरचेवर आमच्या गाडीतून फिरायला जातात. मागची सीट त्यांच्यासाठी परत उभी झालीय.

माझं म्हणाल तर माझी तब्येत ठीक नाही. मला गाडीशी बांधून ठेवणारी रबरं झिजलीत. प्रत्येक खड्ड्यात मी खट-खट वाजतो. चांगला जोरात वाजतो. गाडीत कुणी एखादं मिनिट गप्प बसलं, तर नक्की ऐकू येईल. पण भुंगा ताईला वळण कसं घ्यायचं ते सांगत असतो, ताई त्याला ते कसं चुकीचं आहे ते सांगत असते, आई दोघांना गप्प बसायला सांगते आणि मास्तर मधेच पोहण्यातला दाखला देतात. सगळे एकदम बोलतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी कधी त्या गाडीत बसलात, तर गॅरेजात रबरांचं तेवढं सांगा. त्यांच्या बोलण्यात फट मिळाली तर. नाही मिळाली, तर घाई नाही. बोलू द्या त्यांना. मी वाजत बसेन.